पेटी १९४४ची की नंतरची? दारूगोळ्याच्या जुन्या पेट्या कशा वाचाव्यात #थ्रेड

१/ भाईंदर पश्चिमेला माझ्या एका मैत्रिणीच्या घरी जुनी लाकडी पेटी आहे. दोन्ही टोकांना दोरीच्या मुठी, वर हिरव्या रंगाचे पापुद्रे, आत गोधड्या. घरात तीन पिढ्या एकच सांगणे चालत आले आहे: १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत जो महास्फोट झाला, त्यातून वाचलेली ही पेटी, आजोबांनी ती उचलून आणली. गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंचा एक विक्रेता घरी आला. त्याने चांगली किंमत देऊ केली, मात्र अट घातली: पेटी गोदीतील स्फोटाचीच आहे, असे कुटुंबाने लिहून द्यावे.

२/ मैत्रिणीने मला विचारले, "सही करू का?" प्रश्न साधा होता, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा अवघड प्रश्न क्वचितच विचारला जातो. घरातील आठवण हा पुरावा आहे का? लाकडावरील खुणा त्या आठवणीशी जुळतात का? जुळत नसतील तर आजोबा खोटे बोलले असे समजायचे का? या धाग्यात लष्करी दारूगोळ्याच्या पेट्यांचा काळ कसा ठरवतात ते पाहू आणि शेवटी भाईंदरच्या पेटीकडे परत येऊ.

३/ आधी एक सूचना, आणि ती औपचारिक नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावजवळ मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला आणि सहा जण मरण पावले. मृतांत स्थानिक मजूर होते. जुना दारूगोळा म्हणजे निकामी दारूगोळा नव्हे. बंद, जड किंवा आतून खुळखुळणारी पेटी दिसली तर ती हलवू नका, उघडू नका. लांब जा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. जिवंत काडतूस परवान्याविना बाळगणे हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. पुढील सर्व विवेचन रिकाम्या पेट्यांपुरतेच आहे.

४/ आता शब्दांकडे. मराठीत 'दारू' म्हणजे मद्य हा अर्थ आज पुढे आला असला, तरी बंदुकीची दारू, दारूगोळा, दारूकाम या शब्दांत जुना अर्थ जिवंत आहे. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आला. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर राहणाऱ्या आपल्यासाठी हे विशेष आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्याआधी सुमारे दोनशे वर्षे या परिसरावर पोर्तुगीजांची सत्ता होती. सत्ता गेली, शब्द राहिला. शब्दांचे हे टिकून राहणे लक्षात ठेवा. शेवटी त्याची गरज पडेल.

५/ पेटीवर एवढे लिहिलेले का असते? कारण ती न उघडता वाचता यावी लागते. कारखान्यातून निघालेली पेटी रेल्वेच्या डब्यात, जहाजाच्या फाळक्यात, कोठारात आणि अखेर आघाडीवर जाते. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला काही मोजकेच कळायचे असते: आत काय आहे, किती आहे, वजन किती, कुठल्या खेपेचे आहे, धोका कोणत्या प्रकारचा आहे. म्हणून पेटीच्या फळ्या म्हणजे एक कार्यालयीन कागदपत्रच असते. दफ्तरातील कागद जसा वाचतो, तशीच ती वाचायची: कोणी लिहिले, कोणासाठी, कधी, आणि नंतर कोणी दुरुस्त केले.

६/ महाराष्ट्रात या विषयाचे केंद्र म्हणजे खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई जिथे झाली, त्याच खडकीत १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. इंग्रजी कागदांत गावाचे नाव 'किरकी' असे लिहीत, म्हणून तेथील काडतुसांच्या तळावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरे ठोकली जात. स्वातंत्र्यानंतरही ती अक्षरे टिकली. आजही गुन्हेवृत्तात पुंगळीवर 'के एफ' असल्याचा उल्लेख अधूनमधून वाचायला मिळतो तो याच कारखान्याचा.

७/ पुढे १९४० साली खडकीतच उच्च स्फोटकांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर भुसावळ, वरणगाव, भद्रावती, अंबाझरी, देहू रोड असे कारखान्यांचे जाळे राज्यभर पसरले. यांतील १९४९ सालच्या भुसावळच्या कारखान्याचे नाव आपल्या विषयात महत्त्वाचे, कारण दारूगोळा ठेवण्याची पिंपे आणि पेट्या बनवणे हेच त्याचे मुख्य काम. पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा कोठार देशातील सर्वांत मोठ्या कोठारांपैकी एक. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतील 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'चे मुख्यालय पुण्यात आहे. एखाद्या पेटीवर या कंपनीचे नाव असेल, तर ती २०२१च्या आधीची असूच शकत नाही.

८/ शेवटच्या वाक्यात संपूर्ण पद्धत सामावलेली आहे. एखादी खूण 'या वर्षापूर्वी अस्तित्वातच नव्हती' असे सिद्ध झाले, की ती खूण ज्या थरावर आहे तो थर त्या वर्षानंतरचा. नाणेशास्त्र वाचणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. शेतात नाण्यांचा हंडा सापडला आणि त्यात शंभर नाणी जुनी व एक नवे असेल, तर हंडा त्या एका नव्या नाण्यानंतर पुरला गेला. जुन्या नाण्यांची संख्या कितीही असो, निर्णय सर्वांत नवे नाणे देते.

९/ पेटीच्या बाबतीत हे अधिकच खरे, कारण पेटीला एकच जन्मतारीख नसते. निदान तीन असतात. पहिली, लाकडी पेटी बनली ती. दुसरी, आतील काडतुसे बनली ती. तिसरी, माल पेटीत भरून मोहोर लागली ती. रिकाम्या पेट्या परत येत, दुरुस्त होत, रंगवल्या जात आणि पुन्हा भरल्या जात. जुन्या अक्षरांवर रंगाचा हात फिरवून नवी अक्षरे उमटवत. तेव्हा 'ही पेटी कोणत्या सालची?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'या पेटीचा कोणता थर कोणत्या सालचा?' असे विचारावे.

१०/ पहिली खूण: बाण. तीन रेषांचा, वर टोक असलेला रुंद बाण हे इंग्रज सरकारच्या मालमत्तेचे चिन्ह. शतकानुशतके तो तोफा, बंदुका, तंबू, दोर, पेट्या यांवर उमटवला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी सामानावर बाणाखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर दिसते. बाणाला कवेत घेणारे इंग्रजी 'सी' असेल, तर तो माल कॅनडाचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर ती वस्तू सैन्याने अधिकृतपणे विकून टाकली, असा अर्थ.

११/ इथेच पहिला सापळा आहे. बाण दिसला की विक्रेते लगेच 'ब्रिटिशकालीन' असे म्हणतात. परंतु रस्त्यावर लष्कराचे वाहन दिसले तर त्याच्या क्रमांकाची पाटी नीट पाहा. तिच्यावर वर टोक असलेला बाण आजही असतो. चिन्ह इंग्रजांचे, पण वापर स्वतंत्र भारताच्या सैन्याचाही. म्हणून बाण 'सरकारी लष्करी मालमत्ता' एवढेच सांगतो. काळ सांगण्यासाठी त्याला सोबत लागते: राजाची अक्षरे व मुकुट, किंवा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेली सिंहमुद्रा.

१२/ दुसरी खूण: निर्मात्याची अक्षरे. इथेही एक सापळा आहे. 'के' आणि 'एफ' एकत्र असतील तर खडकी. केवळ 'के' असेल तर तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कायनॉक या कंपनीचा माल असण्याचा संभव अधिक. 'आर एल' म्हणजे वुलिचची रॉयल लॅबोरेटरी. एका अक्षराच्या फरकाने पेटी मुळा नदीच्या काठावरून थेट इंग्लंडला पोहोचते. अक्षर पुसट असेल, तर अंदाजाने पूर्ण करण्याचा मोह टाळावा. वहीत 'के, पुढे जागा पुसलेली' असेच लिहावे.

१३/ तिसरी खूण: आतील मालाचे वर्णन. आपल्याकडील जुन्या पेट्यांवर बहुधा .३०३ हा आकडा सापडतो. म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर व्यासाची गोळी. हे काडतूस १८८८ साली आले. १८९१ पासून काळ्या दारूऐवजी त्यात कॉर्डाइट भरू लागले. १९१० साली टोकदार गोळीचा सातवा नमुना आला आणि पुढे दोन्ही महायुद्धांत तोच मुख्य राहिला. पाच काडतुसांची पत्र्याची पट्टी, म्हणजे चार्जर, १९०३च्या रायफलीपासून रूढ झाली. पेटीवर चार्जरचा उल्लेख असेल, तर ती भरणी विसाव्या शतकातील.

१४/ अशा दहा चार्जरांचा, म्हणजे पन्नास काडतुसांचा, एक कापडी पट्टा असे. सैनिकाने तो खांद्यावरून तिरका घालायचा. पट्टे पत्र्याच्या डाक लावलेल्या डब्यात आणि तो डबा लाकडी पेटीत ठेवला जाई. म्हणून रिकाम्या पेटीत कधी पत्र्याच्या अस्तराचा कापलेला काठ सापडतो. .३०३ ऐवजी ७.६२ असा आकडा दिसला, तर दुसरे महायुद्ध विसरावे: ज्या ७.६२ × ५१ काडतुसाने आपल्याकडे .३०३ची जागा घेतली, ते नाटो संघटनेने १९५४ साली स्वीकारले आणि भारतीय सैन्यात १९६०च्या दशकात रुळले.

१५/ चौथी खूण मला सर्वांत आवडते: नमुन्याचा आकडा कसा लिहिला आहे ती. इंग्रजी पद्धतीत सातवा नमुना रोमन आकड्यांनी लिहीत, म्हणजे एक 'व्ही' आणि दोन उभ्या रेघा. १९४४-४५ च्या सुमारास रोमन आकडे सोडून साधा ७ लिहिण्याची पद्धत सुरू झाली. गोळी तीच, दारू तीच, केवळ लिहिण्याची रीत बदलली. पण तेवढ्यावरून पेटीचा थर युद्धाच्या अखेरच्या अलीकडचा की पलीकडचा, याचा अंदाज येतो. दफ्तरातील नियम बदलला की तो वर्षावर्षाने वस्तूंवर उतरतो.

१६/ पाचवी खूण: वजन. जुन्या पेटीवर एकूण भाराचा आकडा पौंडांत असतो. भारतात वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. आपल्या आजी-आजोबांनी शेर आणि पौंड सोडून किलो शिकला तो याच काळात. म्हणून खडकीच्या पेटीवर किलोग्रॅममधील वजन हे पक्के टोक आहे: तो थर १९५८ नंतरचा.

१७/ 'खडकीच्या पेटीवर' हे शब्द मात्र गाळू नका. गोव्यात एखादी जुनी पेटी सापडली आणि तिच्यावर किलोग्रॅम असतील, तर हा नियम लागू होत नाही. पोर्तुगालने मेट्रिक पद्धत एकोणिसाव्या शतकातच स्वीकारली होती आणि गोवा डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्या ताब्यात होता. तीच खूण खडकीत एक अर्थ सांगते, पणजीत दुसरा. खुणेचा अर्थ नेहमी तिच्या घराण्यावरून ठरतो. आधी घराणे ठरवा, मग साल.

१८/ सहावी खूण: लिपी आणि गावांची नावे. मूळ शिक्क्यात देवनागरी असेल, तर बहुधा स्वातंत्र्योत्तर काळ. 'पूना' असे जुने इंग्रजी नाव असेल, तर १९७८च्या अधिकृत बदलापूर्वीचा संभव अधिक. 'बॉम्बे' असेल तर १९९५ पूर्वीचा. इथे 'संभव' हाच शब्द योग्य, कारण जुने साचे आणि जुन्या सवयी कायद्याच्या तारखेला मरत नाहीत. नवे नाव मात्र बदलापूर्वी छापले जाणे कठीण. म्हणजे जुने नाव सैल पुरावा, नवे नाव घट्ट पुरावा.

१९/ सातवी खूण: नारिंगी चौकटी शंकरपाळी आणि तिच्यात १.१ ते १.६ यांपैकी आकडा. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी जी वर्गवारी केली, तिचे हे चिन्ह. १.१ म्हणजे संपूर्ण साठा एकदम फुटू शकणारा माल, १.४ म्हणजे तुलनेने किरकोळ धोक्याचा. या शिफारशी प्रथम १९५६ साली प्रसिद्ध झाल्या. ही शंकरपाळी असलेली पेटी कोणी 'दुसऱ्या महायुद्धातील' म्हणून विकत असेल, तर नम्रपणे नमस्कार करून निघावे.

२०/ आठवी खूण: सुतारकाम. फळ्यांचे सांधे, खिळे, स्क्रू यांकडे पाहा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३६ साली अमेरिकेत पेटंट झाला, तेव्हा तो त्याआधीच्या पेटीत मूळचा असणार नाही. अर्थात स्क्रू नंतरही बदलले जातात. लाकडाच्या जातीवरून किंवा रंगावरून एकट्याने काहीच ठरवू नये. रंग तर दर फेरीत नवा लागतो. हल्ली शोभेसाठी नव्या 'जुन्या' पेट्याही बनतात. त्यांच्यावर एकच थर असतो आणि झीज सर्व बाजूंना सारखी असते. खरी पेटी मुठींपाशी आणि तळाच्या कडांना अधिक झिजते.

२१/ परदेशी घराणी थोडक्यात. ज्वाळा निघणारा गोल बाँब म्हणजे अमेरिकेचे आयुध खाते. महायुद्धात त्यांचे सैन्य हिंदुस्थानातही होते. रशियन अक्षरे असतील तर बहुधा १९६०च्या दशकापासून सुरू झालेली सोव्हिएत खरेदी. सोव्हिएत पेट्यांवर खेप, वर्षाचे दोन अंक आणि कारखान्याचा क्रमांक एका ओळीत असतो. १७ म्हणजे बर्नाऊल, ५३९ म्हणजे तुला. तेथे साल थेट लिहिलेले असते; फक्त कुठला अंक सालाचा आहे ते कळायला हवे.

२२/ पेट्यांबद्दलची दंतकथा किती बळकट असते, याचे एक उदाहरण. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने इंग्रजांचा मोठा पराभव केला. त्यानंतर वर्षानुवर्षे असे सांगितले गेले, की काडतुसांच्या पेट्यांची झाकणे स्क्रूंनी घट्ट बसवलेली होती, ती वेळेत उघडली नाहीत, म्हणून पराभव झाला. प्रत्यक्ष पेटी तपासली तर काय दिसते? सहाशे काडतुसांच्या त्या पेटीच्या मधल्या सरकत्या झाकणाला एकच स्क्रू होता आणि बंदुकीच्या दस्त्याच्या एका तडाख्याने ते निघू शके. पराभवाचे खापर फोडायला पेटी सोयीची होती, एवढेच. वस्तू पुढे ठेवली की कथेचे वजन कळते.

२३/ आता भाईंदरला परत. पेटी तपासताना मी तीनच साधने वापरली: मोबाइलचा दिवा, मोबाइलचा कॅमेरा आणि मोजपट्टी. खोलीत अंधार करून दिवा फळीला जवळजवळ टेकवून बाजूने धरायचा. समोरून न दिसणारे दबलेले ठसे आणि रंगाखालची अक्षरे सावल्यांमुळे उठून दिसतात. प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यायचे. घासायचे नाही, पाणी लावायचे नाही, पॉलिश करायचे नाही. पॉलिश कागदाचा एक हात म्हणजे एक थर कायमचा गेला.

२४/ सापडले ते असे. तळाच्या फळीवर लाकडात दाबलेला ठसा: बाण, त्याखाली 'आय', शेजारी १९४२. हा पेटीच्या जन्माचा थर. लांब बाजूवर हिरव्या रंगाखाली पुसट अक्षरे: .३०३, रोमन सात, वजन पौंडांत. हा दुसरा थर. इथवर पोहोचलो तेव्हा मैत्रिणीच्या वडिलांचा चेहरा उजळला होता. १९४२ची पेटी १९४४ साली गोदीत असायला हरकत काय? खरेच काही हरकत नव्हती. माझीही उत्सुकता वाढली होती आणि अशाच क्षणी चूक होते.

२५/ कारण हिरव्या रंगाच्या वर तिसरा थर होता. पांढरी अक्षरे: 'के एफ', .३०३, नमुन्याचा साधा ७, आणि वजन किलोग्रॅममध्ये. भरणीची तारीख जिथे असायला हवी, नेमका तिथेच घरच्यांनी कधीतरी कडी-कोयंडा बसवला आहे. तारीख खिळ्यांखाली गेली. तो चौथा थर, कुटुंबाचा. तारीख गेली तरी निर्णय उरतो. ही पेटी १९५८ नंतर एकदा तरी पुन्हा भरली गेली, म्हणजे तोवर ती सैन्याकडेच होती. १९४४ साली ती कोणाच्या घरी येणे शक्य नव्हते.

२६/ ज्या घटनेशी तिचा संबंध जोडला गेला, तीही पेट्यांचीच कथा आहे. 'फोर्ट स्टिकिन' हे १९४२ साली कॅनडात बांधलेले जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. कराचीत त्यावर सुमारे ८,७०० गासड्या कापूस, तेल, लाकूड असा माल चढला. पोटात आधीपासूनच सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता. त्यातील २३८ टन अतिसंवेदनशील वर्गाचा. शिवाय ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. धोकादायक मालाची सूचना देणारे लाल निशाण त्यावर नव्हते.

२७/ १४ एप्रिलच्या दुपारी कापसातून धूर निघाला. संध्याकाळी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावरही धक्का नोंदला गेला. मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत. आग विझवताना प्राण गमावलेल्या ६६ जणांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आत काय आहे हे बाहेरून कळणे किती मोलाचे असते, याचा यापेक्षा कठोर धडा मुंबईने पाहिलेला नाही. अशा घटनेचे नाव लिहून देताना हात अडखळायला हवा.

२८/ मग आजोबा खोटे बोलले? मैत्रिणीची आजी खाटेवर बसून सारे ऐकत होती. मी विचारले, "आजी, पेटी घरात आली तेव्हाचे काही आठवते का?" ती म्हणाली, "अगं पोरी, थोरली शाळेत जायला लागली त्या वर्षी ह्यांनी आणली. पाच की सहा रुपयांना. दारूखान्यातून."

२९/ दारूखाना म्हणजे रे रोड स्थानकाजवळचा मुंबईचा भाग: जहाजे तोडण्याची जागा आणि भंगाराचा मोठा बाजार. नाव जुन्या दारूगोळ्याच्या कोठाराचे, व्यवहार लोखंडाचा आणि मोडीत निघालेल्या सामानाचा. आजोबा पुढे गोदीत कामाला होते आणि तरुणपणी पाहिलेल्या त्या संध्याकाळच्या धुराबद्दल मुलांना सांगत. 'पेटी दारूखान्यातून आणली' हे त्यांचे वाक्य खरे होते. भाईंदरमध्ये वाढलेल्या नातवंडांना त्या नावाची पेठ ठाऊक नव्हती. त्यांनी ऐकला फक्त शब्दाचा अर्थ. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या गेल्या आणि तिसरी तयार झाली. कोणीही खोटे बोलले नव्हते.

३०/ सही झाली नाही. विक्रेत्याने नंतर फोन केला नाही. मैत्रिणीच्या वडिलांना वाईट वाटले, हे मी लपवत नाही. ते दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलले. मग त्यांनीच एक कागद लिहून झाकणाच्या आत चिकटवला: "पेटी १९४२ची. शेवटची भरणी खडकी, १९५८ नंतर. दारूखान्याच्या बाजारातून बाबांनी विकत घेतली. बाबा गोदीत कामाला होते." चार वाक्ये, चारही सांभाळता येण्याजोगी. आत पुन्हा गोधड्या आहेत.

३१/ तुमच्या घरी, गावच्या तालमीत, जुन्या दुकानात अशी रिकामी पेटी असेल, तर सर्व बाजूंची आणि तळाची छायाचित्रे पाठवा. जमेल तसे मिळून वाचू. त्याआधी दोन कामे करा. पेटी घासू नका. आणि घरातील सर्वांत वयस्क माणसाला ती कुठून आली हे विचारून त्यांचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा. लाकडावरील अक्षरे अजून काही वर्षे टिकतील. आजीचे वाक्य त्या दिवशी विचारले म्हणून मिळाले. #थ्रेड #इतिहास #खडकी #मीराभाईंदर